जनाची लाज, मनाची लाज आणि दादरचे आठ शनिवार

दादर पश्चिमेकडील एका मराठी ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, गेल्या वर्षी पावसाळा सरताना लाज या विषयावर आठ शनिवारांचा एक अभ्यासवर्ग चालवला. त्यांपैकी सात शनिवारी मी हजर होते. एक शनिवार रुळांवर पाणी भरल्यामुळे बुडाला. मंडळीचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. मला काही तक्रारी नोंदवायच्या आहेत, आणि त्या ज्यांच्या कानावर घालायच्या त्यांच्या कानावर तोंडी आणि लेखी घालून झाल्या आहेत, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आमच्या गटात ११ माणसे होती, आणि मुंबईतील मराठी ख्रिस्ती समाज इतका आपसांतला आहे की चर्चचे नाव कळले की त्यातली माणसे कोण हे ओळखायला एका रविवारापेक्षा जास्त वेळ लागत नाही. अशा वर्गाला जाण्याआधी काय पाहावे आणि काय विचारून घ्यावे, एवढ्यापुरता हा मजकूर कोणाच्या उपयोगी पडला तरी पुरे.

आधी व्यवहाराच्या गोष्टी. शुल्क ६०० रुपये होते आणि त्यात एक पुस्तिका व दर शनिवारचा चहा-खारी धरलेली होती. वेळ साडेचार ते साडेसहाची होती. प्रत्यक्षात पावणेपाचच्या आत सुरुवात कधीच झाली नाही, पण शेवट मात्र ठरल्या वेळेला होई, आणि लांबच्या लोकलने घरी जाणाऱ्या बाईमाणसाला तेच मोलाचे असते. खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. हे शेवटचे वाक्य किरकोळ वाटेल, पण पहिल्या दिवशी दारातून आत पाहताना माझ्या पोटात जो गोळा आला तो त्या खुर्च्यांमुळेच आला, कारण गोल मांडलेल्या खुर्च्यांत शेवटची रांग नसते.

मी तेथे का गेले हे सांगितल्याशिवाय पुढील मताला अर्थ नाही. मी शिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने टेम्पो घेण्यासाठी एका पतपेढीतून कर्ज काढले आणि मी जामीनदार म्हणून सही केली. वर्षभर हप्ते गेले, मग थांबले, आणि नंतर भावाचा फोनही लागेनासा झाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि तो जामीनदाराच्याही नावावर निघतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. नोटीस आली तेव्हा आम्ही घरी नव्हतो. ती घेऊन आलेल्या माणसाने ती दारावर डकवली: वर माझे संपूर्ण नाव, खाली रक्कम, त्याखाली जांभळा शिक्का. संध्याकाळी आम्ही परत येईपर्यंत तिन्ही मजल्यांवर ती वाचून झाली होती. मी ती नखांनी खरवडून काढली, पण डिंकाचा चौकोन दारावर तसाच राहिला आणि तो नाताळच्या रंगकामातच गेला. त्यानंतर शाळेत पगारातून कपात करण्याचे पत्र आले. ते कोणी उघडले आणि शिक्षकखोलीत कसे पोहोचले, हे मी कधी विचारले नाही.

त्या काळात मी आमच्या मंडळीतील स्त्रियांच्या सभेची खजिनदार होते. हिशेबात एका रुपयाचीही तफावत नव्हती. तरीही एका रविवारी दानाची थैली माझ्या हातात आली आणि शेजारच्या बाईंनी ती नेहमीपेक्षा जरा लवकर माझ्या हातून घेतली, असे मला वाटले. कदाचित त्यांनी ती नेहमीसारखीच घेतली असेल. पुढच्या आठवड्यात मी वही आणि पासबुक सेक्रेटरीबाईंच्या स्वाधीन केले आणि त्यानंतर १४ महिने चर्चची पायरी चढले नाही.

वर्गाच्या पत्रकावर 'लाजेपासून मुक्ती' असे छापलेले होते. ते वाचून आमच्या सासूबाईंनी विचारले, "म्हणजे आता निर्लज्ज व्हायचाही क्लास निघाला का गं?" सासूबाईंचा हा टोमणा होता, पण मराठीत तो प्रश्न अगदी खरा आहे. आपल्या भाषेत लाज ही नुसती व्यथा नाही. आपण देवाला 'माझी लाज राख' म्हणतो, मुलांना 'जरा लाज बाळग' म्हणतो, आणि कोणी ताळतंत्र सोडले की 'जनाची नाही तर निदान मनाची तरी' असे सुनावतो. जी गोष्ट राखायची आणि बाळगायची, तिच्यापासून सुटका कशी मागायची? वर्ग चालवणाऱ्या बाईंनी पहिल्याच शनिवारी नेमका हाच प्रश्न पुढे घेतला, आणि तेथेच मला वाटले की येथे पुन्हा यायला हरकत नाही. या बाई पूर्वी रुग्णालयात मेट्रन होत्या, त्यामुळे सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी यिर्मयाच्या सहाव्या अध्यायातील पंधरावे वचन वाचायला लावले. दुष्कृत्ये करूनही ज्यांना लाज वाटत नाही, ज्यांना लाजणे कसे ते माहीतच नाही, अशा लोकांना संदेष्टा तेथे दोष देतो. म्हणजे पवित्र शास्त्राला निर्लज्ज माणूस नको आहे. मग 'मुक्ती' कसली, हे पाहायला सात आठवडे हाताशी होते.

त्या दिवशीचा मुख्य भाग उत्पत्तीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांचा, म्हणजे आदाम आणि हव्वेच्या गोष्टीचा होता. गोष्ट सर्वांना पाठ असते, म्हणून सिस्टरांनी ती सांगितली नाही. त्यांनी फक्त कपड्यांकडे बघायला सांगितले. माणसाने अंजिराची पाने शिवून घेतली आणि झाडांआड लपला. देवाचा पहिला प्रश्न 'तू कोठे आहेस?' हा होता, 'काय केलेस?' हा प्रश्न नंतर आला. आणि तिसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात, बागेबाहेर काढण्याच्या आधी, देवाने त्यांना चामड्याची वस्त्रे करून घातली. पाने हिसकावून घेऊन त्याने त्यांना उघडे उभे केले नाही. झाकण्याची गरज त्याने मान्य केली आणि टिकणारे झाकण दिले. शेवटच्या आठवड्यात जे घडले त्या वेळी मला हे वचन फार आठवले, पण ते पुढे येईल.

दुसरा शनिवार माझ्यापुरता सर्वांत अवघड होता. सिस्टरांनी एकेक कोरा कागद दिला आणि मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे 'मी केलेले' आणि उजवीकडे 'माझ्यावर आलेले'. मला वाटले होते की माझी डावी बाजू जवळजवळ रिकामी राहील: मी चोरी केली नव्हती, खोटे बोलले नव्हते, भावासाठी सही केली होती. नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणाऱ्यांत सामील होऊ नको असे स्पष्ट सांगितले आहे, पण तो शहाणपणाचा इशारा आहे, तो मोडणे म्हणजे मूर्खपणा म्हणता येईल, एवढेच. नोटीस, शिक्का, पगारपत्र, थैली हे सारे मी उजवीकडे भराभर लिहून टाकले. सिस्टरांनी कागद पाहिला आणि हळू आवाजात विचारले, "सही करताना घरात कोणाला सांगितलं होतं का, बाई?"

मी सांगितले नव्हते. यांना मी त्या सहीबद्दल एक अक्षरही बोलले नव्हते, आणि त्यांना ते दारावर वाचून कळले होते. त्यानंतर घरात नोटिशीबद्दल बोलणे झाले, भावाबद्दल झाले, वकिलाबद्दल झाले. पण मी न सांगता सही केली याबद्दल कधीच झाले नाही, कारण चारचौघांत झालेल्या शोभेचे दुःख इतके मोठे होते की त्याच्या पाठीमागे ही गोष्ट आपोआप झाकली गेली. जनाच्या लाजेने मनाची लाज झाकली होती. अपराधाला रक्कम असते, हप्ता असतो आणि कधीतरी शेवटची पावतीही मिळते. लोकलज्जेला यांतले काहीच नसते, त्यामुळे आपण जन्मभर तिचेच व्याज भरत बसतो आणि खरे देणे तसेच राहते. ही माझी मांडणी आहे, वर्गाने ती तयार करून दिलेली नाही. पण तो कागद वर्गाने दिला. डाव्या बाजूच्या एका ओळीसाठी क्षमा मागता येते आणि उजव्या बाजूच्या दहा ओळींसाठी क्षमा मागायचे कारणच नाही, हा भेद एवढ्या सरळपणे मला कोणत्याही उपदेशातून कळला नव्हता. त्या रात्री मी यांच्याशी बोलले. ते काय म्हणाले ते आमच्यापुरते आहे.

तिसऱ्या आठवड्यात मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय होता, आणि सिस्टर तेथे खऱ्या अर्थाने रंगल्या. १२ वर्षे रक्तस्राव होत असलेली, वैद्यांवर सारा पैसा घालवून बसलेली ती स्त्री. पाळक मंडळी हा भाग वाचताना आवाज जरा खाली आणतात; सिस्टरांनी मात्र दुखणे काय असावे, अशक्तपणा किती येत असेल, कपडे धुण्याचे काय होत असेल, हे सारे रुग्णालयातल्या सुरात सांगितले, आणि खोलीतला अर्धा संकोच तेवढ्यानेच गेला. मग लेवीयचा पंधरावा अध्याय: असा स्राव चालू असेतोवर ती स्त्री अशुद्ध, ती बसेल ते आसन अशुद्ध, त्याला शिवणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. 'कावळा शिवला' म्हणून बाईने बाजूला बसण्याची रीत ज्या समाजात कालपरवापर्यंत होती, त्या समाजाला हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. तिचे बाजूला बसणे १२ वर्षांचे होते. ती गर्दीत मागून येते, वस्त्राला हात लावते, बरी होते. तशीच निघून जाऊ शकली असती. येशू मात्र थांबून विचारतो, मला कोण शिवले? शिष्यांना तो प्रश्न वेडगळ वाटतो. गटातल्या एका तरुण मुलीलाही तो निर्दय वाटला, आणि तिने तसे म्हटले. बाई चुपचाप बरी झाली होती, तर तिला सर्वांसमोर का आणायचे?

सिस्टरांचे उत्तर असे होते की तिचे दुखणे खासगी असले तरी तिची अशुद्धता गावजाहीर होती. ती मनात बरी झाली असती, पण गावाच्या हिशेबी अशुद्धच राहिली असती. म्हणून ज्या चौकात नाव गेले त्याच चौकात ते परत द्यावे लागले, आणि येशूने तिला तेथे 'मुली' म्हणून हाक मारली. मला हे उत्तर पटले. दारावर नोटीस लागलेल्या माणसाला ते न पटून चालत नाही.

चौथा शनिवार योहानाच्या शुभवर्तमानात येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीचा होता. त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण एका गोष्टीसाठी त्यांना गुण द्यायला हवेत: लोकांच्या नजरा चुकवण्यासाठीच ती भर दुपारी पाण्याला आली असे आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो, आणि योहानाने असे कारण कोठेही दिलेले नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पाचवा शनिवार माझा बुडाला. तो येशूचा शिष्य पेत्र याचा होता आणि त्याची टिपणे मला एका सोबतिणीने दिली. येशूला मी ओळखत नाही असे पेत्राने तीनदा म्हटले ते निखाऱ्यांच्या शेकोटीजवळ, आणि पुनरुत्थानानंतर येशूने त्याला तीनदा 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' असे विचारले तेही किनाऱ्यावरच्या निखाऱ्यांजवळ; मूळ ग्रीकमधला हा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. 'का केलेस?' हा प्रश्न त्याने विचारलाच नाही, आणि प्रश्नांआधी मासळी-भाकर खाऊ घातली. पुढच्या शनिवारी वर्गाला जाताना रस्त्याकडेला कणसे भाजणाऱ्याच्या शेगडीचा वास आला आणि मी तेथे जरा रेंगाळले, हेही येथे नमूद करते.

सहाव्या आठवड्यात क्रूस. क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या डोळ्यांपासून, कानांपासून आणि विचारांपासून दूर राहावा, असे सिसेरो या रोमन वक्त्याने म्हटले होते. ती शिक्षा गुलामांची आणि बंडखोरांची होती, आणि वेदनेइतकीच ती विटंबनेसाठी होती. आपल्या चर्चमधील चित्रांतला कमरेचा पंचा चित्रकारांच्या भिडेपोटी आला आहे. शिक्षा देणाऱ्यांना तेवढीही भीड नव्हती. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात 'लाज तुच्छ मानून' त्याने क्रूस सोसला असे म्हटले आहे, आणि सिस्टरांनी या शब्दावर बराच वेळ घेतला: लाज वाटली नाही असे तेथे लिहिलेले नाही, तिला किंमत दिली नाही असे लिहिले आहे. मला मात्र त्याच पत्राच्या सातव्या अध्यायातील बाविसावे वचन लागले. तेथे येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. जामीन! भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम १२८ मला आता पाठ आहे: जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच, आणि धनको ऋणकोला सोडून थेट जामीनदाराच्या दारात उभा राहू शकतो. त्या खोलीत या वचनाचा अर्थ माझ्याइतका नेमका कोणाला कळला असेल असे वाटत नाही. मला हसू आले, आणि का ते सांगावे लागले, आणि सांगून झाल्यावर लक्षात आले की नोटिशीची गोष्ट मी अकरा माणसांसमोर सांगून टाकली होती.

येथवर सारे चांगले आहे. आता तक्रारी.

पुस्तिका ही पहिली. ती कुठल्या तरी परदेशी पुस्तिकेचे भाषांतर असावी, कारण तिच्यातली माणसे वजन, वसतिगृह आणि पोहण्याचे कपडे यांची लाज बाळगतात आणि 'स्वतःला मूल्य देण्याचा प्रवास' करतात. मराठी ख्रिस्ती घरातली लाज अशी नसते. मिशनच्या काळात अहमदनगरच्या बाजूला जे लोक ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबे बहुसंख्य होती, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारले गेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो नाही. त्यातून कागदावर एक आणि देवळात दुसरे असे जगणाऱ्या घरांची जी कोंडी होते, तिला पुस्तिकेत एक ओळही नव्हती. गटात तो विषय निघाला, आणि तो निघाला तेव्हा खोली एकदम गप्प झाली. कोण काय बोलले ते मी लिहिणार नाही. सिस्टरांनी तो टाळला नाही, पण तयारी नव्हती हे दिसत होते.

याच पुस्तिकेत पंडिता रमाबाईंचे नाव नसावे याचे तर मला फार वाईट वाटले. त्या खोलीपासून गिरगाव चौपाटी किती लांब आहे? १८८९ साली त्याच परिसरात रमाबाईंनी शारदा सदन उघडले, ज्या विधवांना घरात अपशकुनी मानून कोपऱ्यात बसवले जात होते त्यांना वर्गात बसवले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. केशवपन केलेल्या बाईची लाज म्हणजे उजवीकडच्या रकान्यातली लाज: तिने काहीही केलेले नाही, सारे तिच्यावर लादलेले. हे उदाहरण हाताशी असताना पोहण्याच्या कपड्यांकडे कशाला जायचे? सातव्या आठवड्याचा विषय 'लोक काय म्हणतील' हा होता आणि तो निम्मा या पुस्तिकेमुळे वाया गेला.

दुसरी तक्रार व्हॉट्सॲपची. पहिल्या दिवशी आम्ही सर्वांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली, आणि तिसऱ्या दिवशी कोणा उत्साही कार्यकर्त्याने आम्हा सर्वांचे नंबर एका गटात जोडले. त्यात प्रार्थनेचे विषय येऊ लागले. आपल्या मंडळ्यांत चहाड्या कोणी करत नाही. 'प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं' असे म्हणून त्याच गोष्टी सांगतात. एका सदस्याच्या घरची अडचण दोन आठवड्यांत दुसऱ्याच उपनगरातल्या प्रार्थनासभेत पोहोचली, नाव न घेता, पण कळेल अशी. सिस्टरांना कळताच त्यांनी गट बंद केला आणि त्या सदस्याची क्षमा मागितली. गट मुळात उघडायलाच नको होता. वसईकडची माझी एक कॅथलिक सहकारी हे ऐकून म्हणाली की पापनिवेदनात फादरांनी ऐकलेले त्यांना कोणत्याही परिस्थितीत बाहेर सांगता येत नाही. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारच्या नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थना, चालतात आणि तेथे लोक आपली मागणी कागदावर लिहून ठेवतात. तिने तिच्या पडत्या काळात तेवढेच केले होते. आम्हा प्रॉटेस्टंटांना पापनिवेदनाच्या जाळीआड बसण्याची सवय नाही, आणि आमचा मोकळेपणाचा अभिमान मला मान्य आहे, पण जाळी ज्यासाठी असते ते काम मग दुसऱ्या कोणत्या तरी नियमाने करावे लागते.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी, आणि ती आठव्या आठवड्याची. त्या दिवशी सहायक पाळकसाहेब आले आणि दुसऱ्या दिवशीच्या उपासनेत आमच्यापैकी काहींनी पुढे येऊन साक्ष द्यावी, म्हणजे आपला अनुभव सर्वांसमोर सांगावा, असे त्यांनी सुचवले. आधार म्हणून तिसऱ्या आठवड्याचाच भाग दिला: त्या स्त्रीनेही सर्वांसमोर सत्य सांगितले होते ना? खोलीत कोणी कोणाकडे पाहिले नाही. गोल मांडलेल्या खुर्च्यांत प्रत्येकजण आपापल्या पायांकडे पाहत होता.

मी सहसा पाळकसाहेबांशी वाद घालत नाही. त्या दिवशी मी त्यांना तोच अध्याय पुढे वाचायची विनंती केली. ती स्त्री बरी होते त्या वेळी येशू याईर नावाच्या माणसाच्या १२ वर्षांच्या आजारी मुलीकडे निघालेला असतो. त्या घरी पोहोचल्यावर तो काय करतो? रडणाऱ्या-हसणाऱ्या सर्वांना बाहेर घालवतो, आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत नेतो, मुलीला उठवतो, हे कोणाला कळू देऊ नका असे निक्षून सांगतो, आणि तिला खायला द्या म्हणतो. एकच अध्याय, एकच दिवस. एकीला चौकात उभे केले आणि दुसरीसाठी दार लावून घेतले. कोणाला चौक हवा आणि कोणाला दार, हे त्याने माणूस पाहून ठरवले. पाळकसाहेबांनी ऐकून घेतले, आणि रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघांनी साक्ष दिली. मी दिली नाही. त्यांच्यापैकी एक जण मनापासून बोलला आणि त्याला बरे वाटले असावे. दुसऱ्या व्यक्तीबद्दल मला तेवढी खात्री नाही. पुढील वर्गात साक्ष ऐच्छिक राहील असे मला लेखी उत्तर आले आहे. ऐच्छिक या शब्दावर माझा फारसा भरवसा नाही, कारण सर्वांदेखत 'नको' म्हणणे हीच ज्यांना जमत नाही अशी माणसे या वर्गाला येतात.

आणखी एक गोष्ट पत्रकातच छापायला हवी. हा वर्ग उपचार नाही. आमच्यापैकी एकाची झोप आणि भूक कित्येक महिने गेलेली होती, आणि सिस्टर रुग्णालयातून आलेल्या असल्यामुळे ते त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी डॉक्टरांकडे पाठवले आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांकही दिला. सिस्टरांच्या जागी नुसताच उत्साही शिक्षक असता, तर प्रार्थना वाढवा एवढेच सांगितले गेले असते.

जावे की नाही, असे विचारले तर मी जा म्हणेन, पण सिस्टर स्वतः चालवत असतील तर, आणि पहिल्या दिवशी नंबर देण्याआधी तो कोठे जाणार आहे हे विचारून. पुस्तिका घरी ठेवली तरी चालेल. कोरा कागद तेथे मिळतो. माझ्या पगारातून अजून २३ हप्ते जायचे आहेत. भावाचा एकदा फोन आला होता. मी बोलले, फार नाही. रविवारी मी पुन्हा जाते आणि मधल्या रांगेत बसते. सेक्रेटरीबाईंनी वही परत घेण्याबद्दल विचारले होते, त्यांना मी अजून उत्तर दिलेले नाही.

पुढील वर्ग जानेवारीत असून शुल्क ७०० रुपये झाले आहे. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी आधी कळवावे, म्हणजे तळमजल्यावरची खोली घेता येते. फक्त त्या खोलीच्या दाराला काच आहे आणि बाहेरच्या पडवीतून आतली माणसे दिसतात. तेथे पडदा लावण्याचे त्यांनी कबूल केले आहे.